गाठ गेली, जबडा राहिला

कॅन्सरच्या गोष्टीचे आपल्याकडे दोनच शेवट चालतात. एकतर माणूस जातो, नाहीतर 'बरा झाला, आता अगदी ठणठणीत आहे'. आमचे हे या दोन्हींत बसत नाहीत. गाठ जाऊन वर्षं लोटली, दर तपासणीला "काही नाही, छान आहे" असं सांगून परत पाठवतात, तरी आमच्या घरातला दिवस अजून त्यांच्या जबड्याच्या तंत्रानं चालतो. हे फोनवर कुणाला समजावून सांगता येत नाही. "भाऊजी बरे आहेत ना आता?" या प्रश्नाला मी "हो" म्हणते, कारण ते खरंच आहे. मग पुढचा प्रश्न येतो, "मग साखरपुड्याला का नाही आले?" तिथं माझी पंचाईत होते. म्हणून हे सविस्तर लिहायला बसले.

यांची सगळी नोकरी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर गेली. गळीत हंगामात रात्रभर उसाच्या गाड्यांची रांग, थंडी, धुरळा, आणि जागं राहायला तंबाखू. तळहातावर चुना लावून मळायची, चिमूट डाव्या गालात सारायची आणि काट्यावरचा आकडा वहीत चढवायचा. राज्यात 2012 साली गुटखाबंदी आली तेव्हा हे ऐटीत म्हणाले होते, "आपण कुठं गुटखा खातो? आपली साधी तंबाखू." त्या साध्या तंबाखूनं बरोबर त्याच जागी, डाव्या गालाच्या आत, चट्टा दिला. 2016 मध्ये परळला टाटा मेमोरियलमध्ये ऑपरेशन झालं, मानेतल्या गाठीही काढल्या, आणि मग शेक, म्हणजे रेडिएशन.

शेक सुरू होण्याआधी दातांच्या विभागात पाठवलं. खालचे किडलेले दात काढले आणि जखमा भरेपर्यंत थांबवून ठेवलं. आम्ही दादरला धर्मशाळेत उतरलो होतो. शेजारच्या खोलीत सोलापूरकडच्या एक मावशी होत्या, त्यांच्या मुलाचंही तसंच चाललं होतं. त्या म्हणाल्या, "हितं जीव टांगणीला लागलाय आन् ह्ये दात बघत बसल्यात. दात मागनं न्हाईत का काढता येत?" सगळ्या प्रकरणातला कळीचा प्रश्न मावशींनी भाजी निवडता निवडता विचारला होता. मागून काढता येतात, पण मागून काढले तर खालचं हाड भरून येईल याची हमी कुणी देत नाही.

का, ते मला पुढं कळत गेलं. यांना 60 ग्रे (ग्रे म्हणजे शेक मोजायचं माप) मिळाले, तीस भागांत, आठवड्याचे पाच दिवस, शनिवार-रविवार सुट्टी. गरम पाण्यात मऊ केलेला जाळीदार प्लास्टिकचा पत्रा चेहऱ्यावर दाबून साचा बनवतात, आणि दर वेळी तो साचा चढवून टेबलाला क्लिपांनी अडकवतात, म्हणजे मान केसभरही हलू नये. एवढी काळजी घेऊनही जो शेक गाठीच्या जागी जातो तो वाटेतल्या हाडाला लागतोच. हाडातल्या बारीक रक्तवाहिन्या हळूहळू बुजत जातात. वरच्या जबड्याला बऱ्याच बाजूंनी रक्त मिळतं. खालचा जबडा घट्ट हाडाचा, आणि त्याची भिस्त मुख्यतः आतून जाणाऱ्या एकाच धमनीवर. एका नळावर चालणारं गाव समजा. पाणी कमी झालं तरी रोजचं भागतं, पण आग लागली तर विझवायला काही शिल्लक नसतं. दात उपटणं ही त्या हाडाच्या लेखी आग. अमेरिकेतले सर्जन रॉबर्ट मार्क्स यांनी 1983 मध्ये हे नीट मांडलं: शेकलेल्या हाडात रक्तवाहिन्या कमी, पेशी कमी, प्राणवायू कमी. त्याआधी जंतूंनाच मुख्य दोषी धरत असत. पुढं आणखी विचार निघाले, शेकलेली जागा तंतूंनी भरून कडक होत जाते हेही त्यात आलं, पण आमच्यासारख्यांना पुरेल एवढं मार्क्स यांच्या तीन शब्दांत आहे.

या सगळ्यातली कुणी आवर्जून न सांगणारी गोष्ट अशी, की हाडाचं हे दुखणं मुदतीचं नसतं. गाठ न परतता पाच वर्षं पार पडली की आपण पेढे वाटतो. आम्हीही 2021 मध्ये वाटले, सातारचे कंदी पेढे, आणि यांनी एक पेढा दुधात विरघळवून प्यायला. पण ती पाच वर्षं गाठीची. हाडाला ते कॅलेंडर लागू नाही. धोका सहाव्या वर्षीही असतो आणि दहाव्याही. डॉक्टरांनी हे सांगितलं नाही असं मी म्हणणार नाही, डिस्चार्जच्या कागदावर एक ओळ आहे. पण जीव वाचल्याच्या आनंदात ती ओळ कोण वाचतं?

आधी गेली ती लाळ. लाळ असेपर्यंत तिची किंमत कुणी करत नाही. ती आटली की भाकरीचा घास तोंडात तसाच पडून राहतो, त्याचा गोळाच होत नाही. सातारा जिल्ह्यातल्या माणसाला भाकरीशिवायचं जेवण म्हणजे नाष्टा. पहिलं वर्ष यांनी हट्टानं भाकरी दुधात कुस्करून खाल्ली. मग मी ज्वारीच्या कण्या ताकात शिजवायला लागले आणि ते जमलं. नाचणीची आंबील, मुगाचं कढण, तूप घातलेला गुरगुट्या भात, हे आमचं चालू खातं. आमटी एकाच पातेल्यात दोन टप्प्यांत होते: मीठ-हळद पडली की यांची वाटी आधी बाजूला, मग कांदा-लसूण मसाला. त्या मसाल्याचा नुसता वास आला तरी तोंड भाजल्यासारखं होतं म्हणतात, आणि तरी फोडणीच्या वेळी स्वयंपाकघरात येऊन उभे राहतात.

लाळ नाही म्हणजे दातांना राखणदार नाही. शेक घेतलेल्यांचे दात वरून किडत नाहीत, हिरडीजवळ कमरेत किडतात, आणि एक दिवस काहीतरी मऊच खाताना तिथंच मोडतात. त्यासाठी फ्लोराइडचं जेल, दातांच्या मापाच्या ट्रेमध्ये घालून, रोज. हे काम कंटाळवाणं आहे आणि त्यात कसलंही काव्य नाही. पण ज्यांच्या घरी नुकताच शेक संपलाय त्यांना माझं हात जोडून सांगणं एवढंच, की बाकी काही करा न करा, हे चुकवू नका.

दुसरं, तोंड उघडणं. आपल्या तोंडात आपलीच तीन बोटं उभी मावायला हवीत. पस्तीस मिलिमीटरच्या खाली गेलं की डॉक्टर त्याला जबडा जखडणं म्हणतात. यांचं शेकानंतर बावीसवर आलं होतं. बावीस म्हणजे पोह्यांचा चमचा आडवा जातो, उभा अडकतो. जांभई अर्धीच येते. तोंडात कोपऱ्यात अडकलेला भाताचा कण काढायला बोट जात नाही. तिथल्या फिजिओथेरपीच्या बाईंनी आईस्क्रीमच्या काड्या दिल्या. लाकडी, चपट्या, त्याच. काड्यांची चवड दातांच्या फटीत सरकवायची, थांबायचं, ओढ सहन होईल तेवढीच ठेवायची, आणि काही दिवसांनी मधे आणखी एक काडी घुसवायची. एका काडीनं जेमतेम दीड-दोन मिलिमीटर मिळतात.

इथं माझ्या नवऱ्यातला काटेवाला जागा झाला. कारखान्याची जुनी वही काढली, रकाने आखले: तारीख, सकाळ, संध्याकाळ, काड्या, शेरा. रोज आरशासमोर उभं राहून शाळेतली प्लास्टिकची पट्टी वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमध्ये धरायची आणि आकडा मला ओरडून सांगायचा, अर्थात ओरडणंही बावीस मिलिमीटरातूनच. शेऱ्यात "पाऊस, आखडलंय" किंवा "पाहुणे, केलं नाही" असं असतं. मी आधी हसायचे. मग लक्षात आलं की ज्या दिवशी वही भरत नाही त्या आठवड्यात आकडा खाली येतो. शेकलेले स्नायू तंतू होत जातात, त्यांना रोज ताणलं नाही तर ते आपल्या बाजूनं आवळत राहतात. आज आकडा अठ्ठावीसच्या आसपास असतो. तिशीला टेकला होता एकदा, तेव्हा त्या ओळीखाली दोन रेघा मारल्यात.

पंगतीचं सांगायला हवं, कारण आमचं खरं भांडण पंगतीशी आहे. आपल्याकडं माणसाला जेवू घालताना 'नको' ऐकून घेण्याची पद्धत नाही. जिलेबी हातात घेऊन यजमान समोर उभे राहतात. "अहो, एक तरी. माझ्या हातची. आता तर बरे झालात की!" यांना जिलेबी चावता येत नाही, पाक सोसत नाही, आणि 'चावता येत नाही' हे चार लोकांत सांगणं त्याहून सोसत नाही. मग जिलेबी पानात राहते, लोक पानाकडं बघतात, आणि यजमानांना वाटतं राग आहे. एका लग्नात माझ्या वन्संनी मिक्सरमधून काढलेला मसालेभात आणून दिला, प्रेमानं. त्यातल्या लवंगेचे तुकडे कडू-जहाल लागले आणि यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. वन्संना वाटलं भावाला गहिवरून आलं, आणि त्याही रडल्या. मी कुणाची समजूत घालायची? तेव्हापासून आम्ही घरूनच जेवून निघतो आणि अक्षता टाकून परत येतो. किंवा मी एकटी जाते. साखरपुड्याला का नाही आले, त्याचं उत्तर हे.

बुफेवर लोक टीका करतात, पण मला बुफे फार आवडायला लागला आहे. बुफेत कुणी कुणाच्या पानात बघत नाही.

तर पेढे वाटण्याच्या आधी एक दाढ ठणकायला लागली होती, डावीकडची, खालची. गावातल्या दवाखान्यात गेलो. तरुण डेंटिस्ट, स्वभावानं चांगला. बीपी विचारलं, शुगर विचारली, रक्त पातळ करण्याची गोळी विचारली. "हलतेय, काढून टाकू." शेक घेतलाय का, हे विचारलंच नाही. मी सांगितल्यावर हातातली पक्कड ट्रेमध्ये ठेवली आणि म्हणाला, "काकू, किती दिला होता?" मी पिशवीतून कागद काढला. 60 ग्रे, डावी बाजू, वर्ष. त्यानं मुंबईला फोन लावला, तिकडून सांगितलं तसं रूट कॅनाल केलं, दाढेचा वरचा भाग कापून टाकला आणि मुळं हाडातच राहू दिली. एवढ्याशा उघडलेल्या तोंडात मागच्या दाढेपर्यंत हात पोचवताना त्या पोराला घाम फुटला होता. तो कागद आता मी पाकिटाच्या आकाराचा करून लॅमिनेट केलाय. एक यांच्या खिशात, एक माझ्या पर्समध्ये. कॅन्सरचे डॉक्टर म्हणतात दाताचं दाताच्या डॉक्टरांना विचारा, दाताचे डॉक्टर म्हणतात कॅन्सरवाल्यांना विचारा. दोघांचंही बरोबर असतं. मधल्या जागेत तो कागद लागतो.

एवढं सांभाळूनही 2022 च्या उन्हाळ्यात व्हायचं ते झालं. "जिभेला काहीतरी खरखरीत लागतंय," हे म्हणाले. आदल्या दिवशी मासे होते, आम्हाला वाटलं काटा असेल. मोबाइलचा टॉर्च लावला, चमच्याच्या दांड्यानं जीभ बाजूला केली. हिरडीच्या आतल्या अंगाला, जिभेकडं, तांदळाएवढा पिवळट पांढरा ठिपका होता. बोट लावलं तर टणक. काटा नव्हता, ते यांचं हाड होतं. हिरडी तिथून बाजूला झाली होती आणि आतलं हाड उघडं पडलं होतं. ना दात काढला, ना मार लागला. असं आपोआपही होतं.

पुढचे दिवस मी वर्णन करत बसत नाही. उघड्या जागेचं पहिलं नाव आमच्या डोक्यात एकच होतं. तुकडा तपासायला गेला, स्कॅन झालं. डॉक्टर म्हणाले, गाठ परत आलेली नाही, हाडाचा काही भाग मेला आहे. हे ऐकून आम्ही दोघं बाहेर येऊन फुटपाथवर चहा प्यायलो आणि चक्क हसलो. जबड्याचं हाड मेलंय या बातमीवर हसणारी माणसं परळच्या त्या रस्त्यावरच सापडतील. तिथं आमच्याकडं कुणी वळूनही बघितलं नाही, कारण शेजारच्या बाकड्यावर नाकात नळी घातलेला एक मुलगा त्या नळीतूनच सिरिंजनं चहा घेत होता.

त्याचं नाव ऑस्टिओरेडिओनेक्रोसिस. शेकलेल्या जागी हाड उघडं पडलं, तीन महिने भरून आलं नाही आणि गाठ परतलेली नसली, की साधारण हे नाव देतात. काहींचं वर्षानुवर्षं तेवढंच राहतं. काहींचं हनुवटीखाली भोक पडून पू वाहायला लागतो. काहींचा जबडा घास चावताना मोडतो. आपलं कुठल्या वाटेनं जाईल हे आधी सांगता येत नाही, दर काही महिन्यांनी एक्स-रे काढून बघत राहायचं.

औषध म्हणून दोन गोळ्या. पेंटॉक्सिफिलिन, जी मुळात पायांच्या रक्ताभिसरणासाठी वापरतात, आणि सोबत ई जीवनसत्त्व. पहिली रक्त खेळतं ठेवते, दोन्ही मिळून तंतूंचा कडकपणा कमी करतात अशी त्यामागची कल्पना. गुण यायचा तर महिने लागतात. पेंटॉक्सिफिलिनची गोळी लांबोडकी, आणि ती कुटून द्यायची नाही, कारण पोटात हळूहळू विरघळावी म्हणूनच तशी बनवलेली असते. माझ्या घरात बाकी सगळं खलबत्त्यातून जातं, ही एकच गोळी नाही जात. पाण्याबरोबर ती कोरड्या घशात टाळूला चिकटून बसते. गार घट्ट दह्याच्या चमच्यात मधोमध ठेवली की सरकते. हे आम्हाला कुणी शिकवलं नाही, चाचपडत सापडलं.

पुण्याच्या भाच्यानं प्राणवायूच्या दाबखोलीची माहिती पाठवली. त्या खोलीत तास-दीड तास बसून शुद्ध प्राणवायू घ्यायचा, हाडाला प्राणवायू कमी पडतो म्हणून. मार्क्स यांच्याच विचारातून हा उपचार पुढं आला, आणि ऐकायला पटतो. पण ब्रिटनमधून चालवलेल्या होपॉन नावाच्या चाचणीचा निष्कर्ष 2019 मध्ये आला. शेक घेतलेल्यांचा दात काढताना किंवा इम्प्लांट बसवताना ही खोली हाड मरणं टाळते का, हा प्रश्न होता. खोलीत बसलेल्यांत 6.4 टक्के जणांचं हाड मेलं, न बसलेल्यांत 5.7 टक्के जणांचं. फरक नाही. आमचा प्रश्न थोडा वेगळा, आमचं हाड आधीच उघडं होतं. पण डॉक्टरांनी तूर्त गरज नाही म्हटलं, आणि खर्चाचा आकडा बघून काटेवाल्यानंही मान डोलावली.

वासाबद्दल कुणी लिहीत नाही. उघड्या हाडाला वास येतो. स्वतःला येत नाही, समोरच्याला येतो, आणि समोरच्याच्या चेहऱ्यावरून स्वतःला कळतो. एसटीत एकदा शेजारचा माणूस उठून मागच्या सीटवर गेला. यांनी खिडकीकडं तोंड केलं आणि कराड येईपर्यंत वळले नाहीत. तेव्हापासून पिशवीत एक बाटली असते: लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचा चमचाभर मीठ, चमचाभर खायचा सोडा. दर खाण्यानंतर चूळ. बाजारातली झणझणीत माउथवॉश कोरड्या तोंडाला जाळतात, ती आणू नका.

मागच्या पावसाळ्यात अशीच चूळ भरताना बेसिनमध्ये टण्णकन काहीतरी पडलं. हाडाची कपची. मेलेला भाग कधीकधी असा सुटून येतो. माझ्या पोटात गोळा आला. यांनी ती धुतली, कागदाच्या पुडीत बांधली आणि म्हणाले, "अगं, सराफाकडं नेऊन वजन करून आणू का? वहीत चढवायला बरं पडेल." डॉक्टरांना दाखवली. ते म्हणाले, चांगलं झालं, खालची जागा आता हिरडी झाकू बघतेय. पूर्ण झाकलेली नाही अजून. ठिपका बारीक झालाय एवढं खरं.

मोठं ऑपरेशनही त्यांनी समजावून सांगितलंय. एक्स-रेमध्ये मेलेला भाग जबड्याच्या खालच्या कडेपर्यंत उतरला किंवा हाड मोडलं, तर तेवढा जबडा काढायचा आणि पायातलं बारीक हाड त्याच्या रक्तवाहिन्यांसकट आणून तिथं जोडायचं. पायात दोन हाडं असतात, भार मुख्यतः जाड हाड घेतं, म्हणून बारकं देता येतं. दिवसभराचं काम. हे म्हणाले, "म्हणजे पाय तोंडात घालणार." डॉक्टर हसले, मी नाही हसले. सध्या कड शाबूत आहे, म्हणून ते नको, असं तिघांचं ठरलंय. वेळ आली तर करायचं, हेही ठरलंय. मुलगा म्हणतो आत्ताच करून मोकळे व्हा. मोकळं होण्याची त्याची घाई मला समजते, पण साठी ओलांडलेल्या माणसाला भीतीपोटी एवढ्या ऑपरेशनला न्यायचं नाही, या मतावर मी ठाम आहे.

तोवर घरात वाद चालू आहे तो पापडाचा. उडदाचा पापड भाजून, आमटीत बुडवून, पार लिबलिबीत झाला की यांना खाता येतो, आणि रोज हवा असतो. माझं म्हणणं, त्याला पापड म्हणू नका. यांचं म्हणणं, पापड तो पापडच, आणि वहीच्या शेऱ्याच्या रकान्यात तसं लिहिलेलंही आहे.